बोटभर नळी

बॅटरीच्या कडेला एक तोटी असते,
चिमणीच्या चोचीएवढी.
तिला नळी लावायची,
ती चौकटीच्या आतून, साखळीपासून लांब,
पार मागच्या दांड्याखाली सोडायची.
बस, एवढंच.
मामाच्या जावाला ती नव्हती.

शुम्पेर्कच्या टोकाला गॅरेजांची रांग आहे,
तिथल्या सतरा नंबरच्या पत्र्याच्या दारामागे
ऑक्टोबरात ती माझी झाली :
साडेतीनशेची, पिकल्या चेरीच्या रंगाची,
टाकीत तोंड पाहून कुंकू लावावं अशी लख्ख.
क्व्येतोस्लाव मामा दर रविवारी फ्लॅनेल घेऊन बसायचा.
मामीचा वाढदिवस मात्र
तीनदा विसरला.

बाजूचं झाकण काढलं.
आत हिवाळा.
पांढरा भुगा, तांब्यावर हिरवी साय,
बॅटरीखालचं तबक बोटाने ढकललं तर
बोट पलीकडे.
आणि त्याखाली, चौकटीवर,
रंग सोलून निघालेला,
लोखंडाला देवीचे वण.

शेजारचा लुबोर आला, हातात लोणी लावलेला पाव.
वाकून पाहिलं. घास चावला. गिळला.
"बॅटरीला घाम येतो, द्राहोमीरा.
वाट दिली नाहीस
तर ती तो घाम घरातच पुसते."
मग म्हणाला, "आधी तो चांगला कोट काढ.
चष्मा घाल. पाव मी बाहेर ठेवून येतो."

वजा खुणेची तार आधी सोडली.
बॅटरी बाळासारखी उभी धरून बाहेर आणली,
कलती न करता.
बादलीत खायचा सोडा कालवला,
ब्रशने लावला,
आणि ते सगळं फसफसायला लागलं,
जणू कुणी इतकी वर्षं तोंड दाबून ठेवलं होतं.
पुन्हा लावला. पुन्हा फसफस.
लुबोर ओरडला, "थेंबसुद्धा बॅटरीच्या पोटात जाऊ देऊ नकोस,
नाहीतर तिचंच औषध तिलाच बाधेल!"
पाचव्या खेपेला गप्प झालं.
मग साधं पाणी, भरपूर. मग दोन दिवस वाळवण.
तारेच्या ब्रशने घासताना
माझ्या हाताला मामाच्या हाताची कंटाळवाणी लय सापडली.
अस्तर, दोन हात रंग,
नवं तबक, त्यावर रबराचा तुकडा
(माझ्याच जुन्या पावसाळी बुटाचा),
टोकांना व्हॅसलीन.
पाणी डिस्टिल्ड, आणि वरच्या रेघेपर्यंतच.
रेघेवर भरलेलं
पहिल्या खड्ड्यात बाहेर येतं.

राहिली नळी.

मामा स्क्रूसुद्धा माचिसच्या पेटीत, नाव लिहून ठेवायचा.
असा माणूस नळी हरवेल?
पेट्या उपसल्या. डबे उपसले.
मामीने त्याच्या तीन पँटी दाखवल्या,
उजव्या पोटरीवर बारीक भोकं, सगळ्यांना तिथेच.
"कसर लागली म्हणायचा," मामी म्हणाली,
"मी कपाटात लव्हेंडर टाकत बसले."

मग ती मला तळघरात घेऊन गेली, आलुबुखारची वाइन द्यायला.
काचेच्या बुटक्या बरणीतून
पिवळट झालेली एक नळी लोंबत होती,
गळ्याला दोरा, दोऱ्याला कागद,
कागदावर पेन्सिलचं त्याचं टोकदार अक्षर :

जावाची. काम झालं की परत लावणे. सप्टेंबर ८७.

मामी बराच वेळ वाचत राहिली,
तीनच तर वाक्यं होती.
"म्हणून," ती शेवटी म्हणाली,
"म्हणून दर वर्षी आंबट व्हायची."

ती नळी तिने काढू दिली नाही.
मी नवी घेतली, अठ्ठावीस क्राउनची,
तोटीवर घट्ट बसवली, खाली सोडली.
आता गाडीखाली पुठ्ठा आहे.
सकाळी कॉफी घेऊन जाते, वाकून बघते.
काल कोरडा होता.
आजही.